मुलाची शाळा कोण ठरवतं? इगतपुरी तालुक्यातून पडलेले प्रश्न

२०२२ साली इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी या आदिवासी वस्तीची शाळा पटसंख्येच्या कारणाने बंद करण्याचा घाट घातला गेला. भाम धरणाच्या परिसरातील ही वस्ती. शाळेतली मुले बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाली. शाळा बंद करणार असाल तर आमची दप्तरे परत घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, निदान त्या तरी राखू, असे त्यांचे म्हणणे होते. या आंदोलनाची बातमी महाराष्ट्रभर गाजली.

त्याच वर्षी, त्याच तालुक्यातून दुसरी बातमी आली. उभाडे येथील कातकरी वस्तीतली मुले मेंढपाळांकडे मेंढ्या राखण्यासाठी वेठीला बांधून दिली जात होती. एका दहा वर्षांच्या मुलीचा जीव गेला, तेव्हा हा प्रकार उघडकीस आला. म्हणजे दरेवाडीच्या मुलांनी जे उपरोधाने मागितले, ते उभाड्याच्या मुलांच्या वाट्याला खरोखरच आले होते.

आणि याच तालुक्यात मुंबई-आग्रा महामार्गावर रोज सकाळी पिवळ्या बस धावतात. इगतपुरी, घोटी आणि आसपासची मुले टाय लावून इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. जगाला इगतपुरी माहीत आहे ती धम्मगिरीमुळे, रेल्वेच्या थळ घाटामुळे आणि आता समृद्धी महामार्गामुळे. पण दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतरात एक मूल बसने शाळेत जाते, एक मूल पायी जाते आणि एक मूल मेंढ्यांमागे जाते, हीसुद्धा इगतपुरीच आहे.

या तीन मुलांच्या बुद्धीत जन्मतः काही फरक होता का? नव्हता. फरक त्यांच्या घरांत होता. या लेखाचा प्रश्न तोच आहे. मुलाची शाळा नेमके कोण ठरवते? आणि ज्या घरांना निवड करता येते ती घरे सरकारी शाळेतून बाहेर पडली की मागे राहिलेल्यांचे काय होते? हा प्रश्न आपल्या समाजाला विशेष लागू आहे, कारण आपल्यातली बरीच घरे गेल्या दोन पिढ्यांत पहिल्या बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली आहेत.

तीन शाळा, तीन घरे

महाराष्ट्रात ढोबळमानाने तीन प्रकारच्या शाळा आहेत. पहिल्या सरकारी, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा वगैरे. दुसऱ्या खाजगी अनुदानित. संस्था खाजगी, पण शिक्षकांचा पगार सरकारचा. नाशिक जिल्ह्यात १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थांनी गावोगावी माध्यमिक शाळा नेल्या, त्या याच प्रकारच्या. तिसऱ्या विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित. यांचा सगळा खर्च फीवर चालतो. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर यांची वाढ झपाट्याने झाली.

अमेरिकेत या मधल्या प्रकाराला जवळ जाणारी ‘चार्टर शाळा’ नावाची व्यवस्था आहे. पैसा सरकारचा, कारभार खाजगी. १९९१ साली मिनेसोटा राज्याने त्याचा पहिला कायदा केला. तिथेही गेली तीस वर्षे वाद एकाच मुद्द्याभोवती फिरतो आहे. या शाळा खरोखर चांगल्या आहेत, की जागरूक पालकांची मुले त्यांच्याकडे जातात म्हणून त्या चांगल्या दिसतात?

आता इगतपुरीतली तीन घरे डोळ्यांसमोर आणू. ही उदाहरणादाखल घेतलेली घरे आहेत, पण अशी घरे तुम्हाला ओळखीची वाटतील.

पहिले घर रेल्वेत कायम नोकरी असलेल्याचे. आजोबा खलाशी होते, वडील तंत्रज्ञ. आई पदवीधर. दर महिन्याच्या ठराविक तारखेला पगार होतो, म्हणून फीचे हप्ते पाळता येतात. मूल अडीच वर्षांचे झाले तेव्हापासून शाळेची चौकशी सुरू झाली.

दुसरे घर गोंदे-वाडीवऱ्हेच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्याचे. घोटीत भाड्याची खोली. मुलाला इंग्रजी शाळेत घालायची तीव्र इच्छा आहे, पण कंत्राट सहा महिन्यांनी चालू राहील का हे माहीत नाही. पहिली-दुसरी फी भरून काढली, मग काम सुटले आणि मूल जिल्हा परिषदेच्या नाहीतर अनुदानित शाळेत आले.

तिसरे घर पाड्यावरचे. पावसाळ्यात भातलावणी, दिवाळीनंतर वीटभट्टी किंवा बागायती भागात मजुरी. वस्तीवर जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा आहे तोवर मूल शाळेत आहे. शाळा तीन किलोमीटर लांब गेली की मोठी मुलगी घरी राहते, कारण धाकट्याला सांभाळायचे आहे.

पहिल्या घराने शाळा निवडली, दुसऱ्याच्या वेतनाने ती निवडून दिली आणि तिसऱ्यापुढे निवड करण्यासारखे काही नव्हतेच. आपण मात्र तिन्ही ठिकाणी ‘पालकांची पसंती’ हा एकच शब्द वापरतो.

पसंती नव्हे, ऐपत

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने २०२५ मध्ये शिक्षणावर देशव्यापी सर्वेक्षण केले. त्यानुसार देशात एकूण ५५.९ टक्के विद्यार्थी सरकारी शाळांत आहेत. ग्रामीण भागात हे प्रमाण ६६ टक्के, शहरात फक्त ३०.१ टक्के. सरकारी शाळेतल्या एका मुलामागे घराचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये, तर सरकारी नसलेल्या शाळेत २५,००२ रुपये.

हा आकडा मजुरीच्या भाषेत वाचू. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. शंभर दिवस काम मिळाले, आणि ते प्रत्यक्षात फार थोड्यांना मिळते, तरी वर्षाचे ३१,२०० रुपये. सरासरी खर्चाच्या खाजगी शाळेत दोन मुले घालायची तर पन्नास हजार लागतात. म्हणजे शंभर दिवसांची सगळी मजुरी शाळेला दिली तरी दुसऱ्या मुलाचा खर्च भागत नाही. मग घरात कोणाला निवडतात? बहुतेक वेळा मुलाला. मुलगी जिल्हा परिषदेत आणि मुलगा इंग्रजी माध्यमात, अशी विभागणी एकाच छपराखाली होते. कुटुंबाची पार्श्वभूमी म्हणताना आपण जात आणि उत्पन्न मोजतो. मुलगी म्हणून जन्मणे हीसुद्धा त्या घरातली एक पार्श्वभूमीच असते.

घराच्या उत्पन्नाचा आणि शाळेचा संबंध किती थेट आहे, हे कोरोनाने दाखवले. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीनुसार २०१८ साली देशातील ६ ते १४ वयोगटातील ६५.६ टक्के मुले सरकारी शाळेत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. चार वर्षांत सरकारी शाळा एकदम सुधारल्या आणि नंतर दोन वर्षांत बिघडल्या, असे झाले नाही. घरची आवक आटली, लहान खाजगी शाळा बंद पडल्या आणि मुले सरकारी शाळेत परतली. हातात पैसा आल्यावर ती पुन्हा गेली. संकटात आधार देणारी शाळा सरकारी होती, हे मात्र आपण विसरलो.

मार्कांचे श्रेय कोणाचे?

‘पण खाजगी शाळेतली मुले हुशार असतात’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. निकाल पाहिला तर तसे दिसतेही. पण निकाल शाळेचा असतो की घराचा?

अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांनी सरकारच्या सांगण्यावरून प्रचंड मोठा अभ्यास केला. विद्यार्थ्यांच्या यशातला फरक शाळेच्या इमारती आणि साधनांपेक्षा त्यांच्या घरच्या पार्श्वभूमीशी अधिक जोडलेला आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. सोबतीला बसणारी मुले कोणत्या घरांतून येतात यालाही महत्त्व असल्याचे त्यात दिसले.

आपल्या देशातला पुरावा आंध्र प्रदेशातला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी २००८ पासून चार वर्षे तिथल्या खेड्यांत एक प्रयोग केला. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या पालकांनी अर्ज केले, त्यांच्यात सोडत काढली. सोडतीत नाव आलेल्यांना खाजगी शाळेची फी मिळाली. म्हणजे घरे सारखीच, शाळा बदलली. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. हिंदीत खाजगी शाळेतली मुले पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवली जात होती. खाजगी शाळांनी हे काम बऱ्याच कमी खर्चात केले हेही अभ्यासात नोंदवले आहे. त्याचे एक मोठे कारण म्हणजे तिथल्या शिक्षकांना मिळणारा अगदी तुटपुंजा पगार.

याचा अर्थ सरकारी शाळा उत्तम चालल्या आहेत असा नाही. तिसरी-पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, हे वास्तव आहे आणि ते झाकून कोणाचेच भले होणार नाही. अर्थ इतकाच की खाजगी शाळेच्या फलकावर झळकणाऱ्या यशातला मोठा भाग शिकलेल्या आईचा, वेळेवर होणाऱ्या पगाराचा आणि शिकवणीच्या फीचा असतो. आणि सरकारी शाळेच्या अपयशातला मोठा भाग रिकाम्या पोटाचा, स्थलांतराचा आणि रिक्त पदांचा असतो. दोन्ही शाळांना एकाच तराजूत तोलणे हा अन्याय आहे.

आरटीईची खिडकी किती उंचावर?

घराची पार्श्वभूमी आड येऊ नये म्हणून कायद्याने एक खिडकी उघडली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पायरीवर २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्यायच्या. फी सरकार भरते. महाराष्ट्रात ती अनेक वर्षे विद्यार्थ्यामागे १७,६७० रुपये ठरलेली होती, आणि ती थकते म्हणून संस्थाचालकांची ओरड कायम आहे.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढून ही खिडकी जवळपास बंद केली. खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट मिळाली. महाराष्ट्रात असे कोणते शहर आहे जिथे एक किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही? मग सरकारने त्याच सरकारी आणि अनुदानित शाळा यादीत घालून आठ लाखांहून अधिक जागा दाखवल्या. पालकांनी याला उत्तर दिले. अर्जांचा आकडा एक लाखापर्यंतही पोहोचला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. जुन्या पद्धतीने प्रक्रिया सुरू होताच सुमारे एक लाख जागांसाठी दोन लाखांवर अर्ज आले. गरीब पालकाला काय हवे आहे, हे त्या उन्हाळ्यात स्पष्ट दिसले. ज्या शाळेत साहेबाचे मूल बसते, त्याच बाकावर त्याला आपले मूल बसवायचे आहे.

ही लढाई जिंकली, पण खिडकीची उंची तशीच आहे. अर्ज ऑनलाइन. पत्त्याचा पुरावा हवा, भाडेकरू असाल तर नोंदणीकृत भाडेकरार हवा. मुलाचा जन्मदाखला हवा, पालकाचा जातीचा दाखला हवा. घरापासून शाळेचे अंतर नकाशावर नेमके टाकावे लागते. मग सोडतीचा संदेश मोबाइलवर येतो आणि ठरलेल्या मुदतीत कागदपत्रे तपासून घ्यावी लागतात. पाड्यावरून वीटभट्टीवर गेलेल्या बापाचा मोबाइल नंबर तोवर बदललेला असतो.

आणि अंतर. तालुक्यातल्या खाजगी शाळा शहरात, घोटीत, महामार्गालगत. पाड्यापासून तीन किलोमीटरच्या परिघात खाजगी शाळाच नसेल तर २५ टक्के जागांचा हक्क तिथे फक्त कागदावर उरतो. त्या मुलांसाठी कायद्याचा अर्थ एकच, वस्तीजवळची सरकारी शाळा. ती गेली की सगळेच गेले.

आता आपल्या घरातला एक अवघड मुद्दा. महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातींसाठी आरटीई प्रवेशाला उत्पन्नाची अट नाही. हे योग्यच आहे. जातीच्या अपमानाला उत्पन्नाची मर्यादा नसते, आणि अधिकाऱ्याच्या मुलालाही वर्गात आडनावावरून जोखले जाते. पण परिणाम असा होतो की कायम नोकरीतल्या बौद्ध घरातले मूल आणि भूमिहीन मजुराचे मूल एकाच सोडतीत उभे राहतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. आपल्यातल्या शिकलेल्यांनी दाखले वेळेवर काढले, कारण त्यांना सेतू केंद्र, तहसील आणि जुन्या नोंदी कशा शोधायच्या ते ठाऊक होते. ज्याला ठाऊक नव्हते, तो बाहेर राहिला. जे फी सहज भरू शकतात, त्यांनी ही जागा आपल्याच समाजातल्या गरजू मुलासाठी सोडावी का? कायदा तसे सांगत नाही. पण चळवळीने स्वतःला हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

आवाज असलेली घरे बाहेर पडली की

जनगणना २०११ नुसार बौद्धांची साक्षरता ८१.३ टक्के होती, देशाच्या सरासरीहून कितीतरी जास्त. हे यश कोणत्या शाळांनी दिले? जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांनी. सोबतीला मागासवर्गीयांची वसतिगृहे आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती होती. आज जे डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक, रेल्वे कर्मचारी आपल्या विहारांत पुढच्या रांगेत बसतात, त्यांतले बहुतेक त्याच शाळांतून आले.

पुढच्या पिढीला त्यांनी इंग्रजी माध्यमात घातले. यात गुन्हा नाही. कोणत्याही बापाने मुलाच्या भविष्यावर तत्त्वाचा प्रयोग करू नये. पण या स्थलांतराची एक किंमत आहे, ती मोजली पाहिजे. सरकारी शाळेत पालकसभेत उभा राहून प्रश्न विचारणारा, गटशिक्षणाधिकाऱ्याला अर्ज देणारा, शिक्षक का आला नाही म्हणून जाब विचारणारा पालक निघून गेला. मागे राहिला तो, ज्याला अर्ज लिहिता येत नाही आणि एक दिवस कचेरीत गेला तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

अशा शाळा बंद करणे सोपे असते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आणला. राज्यात अशा सुमारे पंधरा हजार शाळा आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुले. त्याच महिन्यात कंपन्यांना देणगीच्या मोबदल्यात शाळा दत्तक घेऊन शाळेला नाव जोडण्याची योजना आली. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासननिर्णयाने कमी पटाच्या उच्च प्राथमिक वर्गांतली शिक्षकांची पदे धोक्यात आली. प्रत्येक निर्णयाला तर्क आहे. लहान शाळेचा खर्च जास्त, मुलांना सवंगडी कमी, खेळ नाहीत, एकेका शिक्षकावर चार वर्ग. हा तर्क खोटा नाही. पण पट कमी का झाला, हे कोणी विचारत नाही. ज्यांना जाता आले ते गेले म्हणून पट घटला, आणि पट घटला म्हणून ज्यांना जाता येत नाही त्यांची शाळा जाते. पहिल्या घराच्या निवडीची किंमत तिसरे घर भरते.

महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. नकाशावरचा एक किलोमीटर आणि इगतपुरीच्या जुलैतला एक किलोमीटर सारखे नसतात. मध्ये ओढा असतो, धरणाचा फुगवटा असतो, घाटातला पाऊस असतो. सहा वर्षांच्या मुलीसाठी ते अंतर शाळा सुटण्याइतके मोठे असते.

सरकारी शाळा चांगली होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीला जावे. जिल्हा परिषदेची ही शाळा वर्षाचे बाराही महिने चालते. शिक्षक केशव गावित यांच्या मेहनतीने तिथली आदिवासी मुले पाढे आणि संविधानाची कलमे धडाधड सांगतात, दोन्ही हातांनी लिहितात. पुणे जिल्ह्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेची २०२५ साली जागतिक पातळीवर दखल घेतली गेली. घर गरीब असले तरी शाळा घराची उणीव भरून काढू शकते, याचा हा पुरावा आहे. पण एखाद्या शिक्षकाने आयुष्य ओतल्यावर जे घडते, ते सरकारने धोरण म्हणून घडवायला हवे. एका शिक्षकाचा सत्कार करून बाकीच्या शाळांची रिक्त पदे विसरता येत नाहीत.

बाबासाहेबांची शाळा

‘बाबासाहेब गरिबीत शिकले, मग आजची मुले का नाही?’ असे भाषणांतून सांगितले जाते. हे अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्य गरीब मुलालाच दोषी ठरवते.

बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. त्या काळच्या लष्करात सैनिकांच्या मुलांना शिक्षण मिळे, म्हणून महार सैनिकांच्या घरांत अक्षर पोहोचले. म्हणजे बाबासाहेबांना वाचणारे घर मिळाले होते. मुलाच्या पुस्तकांसाठी रामजी लेकींचे दागिने गहाण ठेवत, असे चरित्रकार सांगतात. दुसरीकडे साताऱ्याची शाळा सरकारी होती. १९०० साली ७ नोव्हेंबरला तिथे त्यांचे नाव दाखल झाले. त्याच शाळेत त्यांना गोणपाटावर वेगळे बसावे लागले, तरी शाळेचे दार कायद्याने उघडे होते. मुंबईतले एल्फिन्स्टन हायस्कूलही सरकारी. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती. वाचणारे घर, सरकारी शाळा आणि सार्वजनिक पैसा, हे तिन्ही एकत्र आले आणि त्यावर त्यांचे अफाट कष्ट उभे राहिले. यातले एकही नसते तर?

बाबासाहेबांना हे नेमके कळले होते. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना, सरकारने शिक्षणाचा खर्च फीमधून वसूल करू नये आणि शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात आणावे, अशी बाजू त्यांनी मांडली. पुढे ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्यांच्याही आधी, १८८२ साली, जोतीरावांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणावर पैसा खर्च करा, असे बजावले होते. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा इंग्रजांचा हिशेब त्यांनी तेव्हाच नाकारला. आज तोच हिशेब आपल्या समाजात वेगळ्या रूपात परतला आहे. आपल्यातले काही पुढे गेले म्हणजे समाज पुढे गेला, असे आपण मानू लागलो आहोत.

विहारापासून सुरुवात

मग करायचे काय? आपली मुले खाजगी शाळेतून काढून घ्या, असा सल्ला हा लेख देत नाही. तो कोणी ऐकणारही नाही. पण मूल जिथे असेल तिथे असो, सरकारी शाळेवरचा आपला हक्क आणि जबाबदारी सोडायची गरज नाही. काही कामे याच वर्षी सुरू करता येतील.

एक, प्रवेशाची जाहिरात येण्याआधी प्रत्येक विहारात आरटीई मदत केंद्र. जाहिरातीनंतर दाखला काढायला गेले तर वेळ निघून जाते. म्हणून पावसाळ्यातच यादी करा. कोणत्या घरात पुढच्या वर्षी सहा वर्षांचे मूल आहे, कोणाचा जातीचा दाखला नाही, कोणाचा भाडेकरार नाही. ही मदत फक्त बौद्धांना नको. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, मुस्लिम, भटके-विमुक्त, ज्याला गरज आहे त्या प्रत्येकाला द्या.

दोन, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. अनेक गावांत ही समिती सहीपुरती आहे. तिच्या सदस्य असलेल्या बाईला शासननिर्णय वाचून समजावून देणारा एक सुशिक्षित तरुण सोबत असला तरी चित्र बदलते.

तीन, शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला की आधी अंतर पायी मोजा, तेही पावसाळ्यात. वाहनाची लेखी हमी मागा. नियम २०११ चे आहेत, त्यावर बोट ठेवून अर्ज द्या. दरेवाडीच्या मुलांना बकऱ्या घेऊन जावे लागले, कारण त्यांच्या वतीने अर्ज घेऊन जाणारे मोठे लोक कमी पडले.

चार, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले. हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी कार्ड या योजना महाराष्ट्रात आहेत. दिवाळीपूर्वी वस्तीवर जाऊन कोण निघणार आहे याची नोंद केली, तर मूल मेंढ्यांमागे जाण्याआधी थांबवता येईल.

पाच, अभ्यासिका. घरात टेबल नाही, शांतता नाही, विचारायला कोणी नाही, ही गरीब घराची खरी उणीव आहे. विहाराची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवली आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलींनी तिथे शिकवायला घेतले, तर ती उणीव थोडी तरी भरते. नवोदयच्या परीक्षेत ग्रामीण मुलांना किमान ७५ टक्के जागा राखीव आहेत आणि शिक्षण-निवास मोफत आहे. पण ती परीक्षा पाचवीत असते, हे तिसऱ्या घराला माहीतच नसते.

यातले एकही काम निवडणुकीत मत मिळवून देणारे नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसारखे ते दिसणारही नाही. पण शंभर घरांच्या वस्तीत दहा मुलांची शाळा टिकली तर वीस वर्षांनी त्या वस्तीतून आवाज उठेल.

बुद्धाने माणसाला जन्माने नव्हे, कर्माने ओळखायला सांगितले. आज मूल कोणत्या घरात जन्मले यावरून ते कोणत्या शाळेत जाणार, हे बहुतेक आधीच ठरलेले असते. ही जन्माधिष्ठित व्यवस्था नाही तर दुसरे काय आहे? जातीची उतरंड आपण शाळेच्या बाकावरून मोडायला निघालो होतो. तीच उतरंड आता शाळांच्या प्रकारांतून पुन्हा रचली जात असेल, तर तिच्यापुढे गप्प बसणे आपल्याला परवडणारे नाही.

इगतपुरीच्या ज्या मुलांनी दप्तर परत घ्या म्हटले, ती मुले आता किशोरवयात आहेत. त्यांच्या हातात आज दप्तर आहे की काठी, हे तालुक्यातल्या कोणत्या विहाराने, कोणत्या संघटनेने जाऊन पाहिले आहे? पाहिले नसेल, तर येत्या रविवारी तिकडे जायला हवे.

जय भीम.